माघ ते वैशाख : बोरिवलीच्या रानाचा वसंत

मुंबईकराच्या मनात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा एकच ऋतू पक्का बसलेला आहे, तो म्हणजे पावसाळा. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की ओहोळ वाहू लागतात, कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवरून पाणी ओसंडते आणि रविवारी दरवाजापाशी रांगा लागतात. दिवाळीनंतर थंडीत सकाळी फिरायला येणारे येत राहतात. पण फेब्रुवारी उजाडला, साग निष्पर्ण झाला, रस्त्याच्या कडेला पाचोळ्याचे ढीग दिसू लागले की ‘रान वाळलं’ असा निकाल देऊन लोक पुन्हा जूनची वाट पाहू लागतात. हा निकाल चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. हे रान समजून घ्यायचे असेल तर माघाच्या उत्तरार्धापासून वैशाखापर्यंतचे तीन महिने वर्षातले सर्वांत बोलके आहेत. एवढेच नव्हे, तर उद्यानात येणाऱ्याला आपण जी माहिती देतो ती या ऋतूला धरून दिली, तर येणारा माणूस, रान आणि रानाची राखण करणारा वनविभाग या तिघांचेही काम सोपे होईल. दरवाजा कुठे, लेणी किती दूर, तिकीट किती हे सांगणे आवश्यकच आहे. पण ‘कधी’ या प्रश्नाला आपल्या उद्यानांच्या माहितीत जवळजवळ जागाच नाही.

आधी या जागेचा स्वभाव पाहायला हवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड आणि ठाण्याचे येऊर, उत्तरेला घोडबंदर आणि खाडीपलीकडचा नागला, एवढा त्याचा पसारा. पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. विहार १८६०च्या सुमारास आणि तुळशी १८७९ साली पुरा झाला. मुंबईला पाणी पाजणाऱ्या या तलावांचे पाणलोट क्षेत्र राखायचे म्हणून इथली झाडे राखली गेली; आजचे उद्यान हा बराचसा त्या तहानेचा वारसा आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाश कोरडे. ओढ्याकाठच्या घळींत काही झाडे बारमाही हिरवी राहतात, मात्र डोंगरउतारावरचे बहुतेक रान पानझडी आहे, म्हणजे चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने संसार करणारे. पंचांगात माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत. पण त्याच पंचांगात वसंतपंचमी माघात येते, शिशिराच्या अगदी आरंभी. ज्यांनी ही तिथी ठरवली त्यांनी रानाकडे नीट पाहिले होते असेच म्हणावे लागते, कारण आपल्याकडे पानगळ आणि बहर हे एकामागून एक येणारे ऋतू नाहीत. ते एकाच वेळी, पुष्कळदा एकाच झाडावर चालू असतात.

हे असे का होते, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. पण तिथूनच सर्वांत जास्त पाणी वाफ होऊन निघून जाते. जमीन कोरडी पडू लागली की झाड पानांचे देठ सोडते आणि गळती बंद करते. पाने गळाल्यावर खोडात आणि मुळांत उरलेले पाणी झाडाच्या हाती राहते, फांद्यांत पुन्हा ओल भरते आणि त्या ओलीवर कळ्या फुटतात. काटेसावर, पांगारा यांच्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाच्या झाडांना हा साठा चांगलाच जमतो, म्हणून ती भर उन्हात नागड्या फांद्यांवर फुलू शकतात. सागासारखी घट्ट लाकडाची झाडे बहुधा पावसाची वाट पाहतात. पानांशिवाय फुलण्याचा आणखी एक फायदा आहे. पानांच्या गर्दीत लपलेले फूल पाखराला शोधावे लागते, निष्पर्ण फांदीवरचे फूल दुरून दिसते. शिवाय फाल्गुनात फुललेल्या झाडाचे बी चैत्र-वैशाखात पिकते, वैशाखाच्या वाऱ्यावर उडते आणि मातीत पडून थोडे दिवस होतात न होतात तोच पहिला पाऊस येतो. सावरीची बोंडे उन्हात फुटून कापूस उडू लागतो तेव्हा तो उधळपट्टीचा खेळ वाटतो, पण त्याची वेळ फार नेमकी साधलेली असते. आपण ज्याला रानाचा मृतकाळ समजतो तो त्याच्या पुढच्या पिढीच्या पेरणीचा काळ आहे.

या दिवसांत सकाळी एखाद्या फुललेल्या सावरीखाली अर्धा तास उभे राहिले तर जे दिसते ते पावसाळ्यात महिनाभर हिंडूनही दिसणार नाही. सावरीचे फूल तळहाताएवढे, मांसल पाकळ्यांचे, लालभडक, आणि त्याच्या तळाशी मधाची वाटीच असते. त्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, चष्मेवाले, सातभाई यांची सकाळपासून वर्दळ सुरू होते; खारीही मागे राहत नाहीत. पक्ष्यांच्या कपाळावर आणि चोचीवर पराग पिवळा चिकटतो आणि पुढच्या झाडावर पोचतो. झाडाखाली गळून पडलेली फुले चितळे वेचून खातात. पाण्याचा आणि हिरव्या चाऱ्याचा तुटवडा सुरू होतो त्याच आठवड्यांत सावर जंगलभर खाऊ वाटते, ही गोष्ट माणसाने थांबून पाहण्यासारखी आहे. पळसाचेही तसेच. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण फाल्गुनात पळसाला एकही पान नसते. केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या फुलांनी तो पेटलेला असतो. भोरड्या हिवाळ्यात आपल्याकडे येतात, पळस-सावरीच्या मधावर तुटून पडतात आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाच्या दिशेने निघून जातात. त्यांचे दुसरे मराठी नाव पळसमैना आहे. ज्याने हे नाव ठेवले त्याने पक्षी, झाड आणि महिना यांची गाठ एका शब्दात मारून ठेवली. ऋतूची माहिती कशी द्यावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

फुलांइतकीच पालवी पाहण्यासारखी असते. मार्चमध्ये कोशिंबाची कोवळी पाने फुटतात ती इतकी लाल की लांबून झाड फुलले आहे असा भास होतो. पायरीची पालवी गुलाबी, पिंपळाची तांबूस, करंजाची पोपटी आणि चमकदार. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य पुरते तयार झालेले नसते. लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून आणि काही अंशी किड्यांपासून वाचवते असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पण विचार करायला लावणारा प्रश्न वेगळा आहे. पावसाला अजून अडीच-तीन महिने आहेत, जमिनीत ओल नाही, मग ही झाडे चैत्रातच नवी पाने का काढतात? उष्ण प्रदेशांतल्या पानझडी जंगलांच्या अभ्यासातून मिळालेले एक उत्तर असे की, यातली बरीच झाडे पावसाकडे बघतच नाहीत, ती दिवसाच्या लांबीकडे बघतात. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांचा. वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे २१ मार्चच्या आसपास, दिवस सर्वांत वेगाने वाढत असतो आणि ही खूण वर्षानुवर्षे चुकत नाही. पाऊस आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतो, सूर्य होत नाही. शिवाय पावसाबरोबर अळ्यांची आणि किड्यांची फौज येते. तोवर चैत्रात आलेले पान निबर होऊन गेलेले असते. पाऊस पडू लागतो त्या दिवशी ज्याच्याकडे तयार पाने आहेत त्याला हंगामाचा पहिला दिवसही वाया घालवावा लागत नाही. ‘चैत्रपालवी’ हा आपला शब्द कवितेत फार वापरला गेला आणि त्यामुळे गोड होऊन बसला, पण त्यामागे एवढा कठोर हिशेब आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो डोळ्यांचा. चार झाडे फुलली म्हणून काय झाले, बाकी डोंगर तपकिरीच दिसतो, तिथे बघायचे काय? आक्षेप खरा आहे. फाल्गुनातला कान्हेरीचा डोंगर पोस्टकार्डावर छापण्याजोगा नसतो. पण पाहणे आणि सुंदर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यातले रान हिरव्या पडद्यामागे असते. दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, पक्ष्यांचे आवाज येतात आणि पक्षी दिसत नाहीत. पाने उतरली की झाडाची ठेवण उघडी पडते. कांडोळ इतर वेळी नजरेत भरत नाही. आता त्याचे गुळगुळीत पांढरे खोड उन्हात असे झळकते की लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. त्या पांढऱ्या पापुद्र्याखाली हिरवा थर असतो आणि पाने नसताना झाड त्या सालीतूनही थोडे अन्न तयार करते. तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरताना दिसतो, कुटुर्ग्याचा आवाज कुठून येतो ते कळते, गेल्या मोसमातली रिकामी घरटी मोजता येतात, तुरेवाला सर्पगरुड उघड्या फांदीवर तासभर बसलेला सापडतो. पक्षिनिरीक्षण शिकायला सुरुवात करणाऱ्याने किंवा मुलांना झाडे ओळखायला शिकवणाऱ्याने याच दिवसांत यावे. खोड, साल, फांद्यांची रचना, कळी, फूल आणि शेंग हे सगळे ज्या ऋतूत एकाच फेरीत दिसते तो हाच.

तीच गोष्ट कान्हेरीची. शंभराहून अधिक लेणी असलेला हा समूह इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे नांदता होता. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून, प्राकृतातल्या कण्हगिरीवरून आले. काळ्या बसाल्टचा डोंगर म्हणून कृष्णगिरी. पावसाळ्यात लोक इथे धबधबे पाहतात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर छायाचित्रे काढतात. पण इथल्या स्थपतींची सर्वांत मोठी कामगिरी त्या दिवसांत पाण्याखाली झाकलेली असते. डोंगराच्या अंगावर कोरलेले बारीक चर, त्यांतून वळवलेले पाणी आणि बहुतेक विहारांच्या दाराशी खोदलेले टाके ही सगळी व्यवस्था समजते ती चर कोरडे पडल्यावर, बोटाने त्यांचा माग काढता येतो तेव्हा. कान्हेरीच्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि लेण्याबरोबर पोढीही दान दिल्याच्या नोंदी आहेत. चर कोरडा आणि टाक्यात अजून पाणी, हे दृश्य मार्चमध्ये पाहिल्यावरच ती पोढी दानात देण्याजोगी का होती ते उमगते. या डोंगरावर भिक्षू बारमाही राहू शकले ते पावसामुळे नाही, साठवणीमुळे. सावरीचे खोड आणि कान्हेरीची पोढी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही उत्तरे वाचायची वेळ एकच आहे.

दुसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबईचा मार्च कधीकधी भयंकर तापतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद आहे. पूर्वेकडून जमिनीवरचे वारे वाहत राहिले आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुटला की असे दिवस येतात. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांना घेऊन अकरा वाजता कान्हेरी चढायला लागणे हा अविचार ठरेल. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘येऊ नका’ असा नाही, ‘लवकर या आणि लवकर परता’ असा आहे. सावरीवरची पाखरांची गर्दी सकाळी असते, मोहाची फुले रात्रभर टपटपून पहाटे झाडाखाली पडलेली असतात, तांबट आणि कोकीळ उजाडताच बोलू लागतात. रानाची वेळ आणि माणसाच्या सोयीची वेळ इथे एकच आहे. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत मुख्य दरवाजा गाठता येतो. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानातल्या वाहनाने किंवा सायकलने वर पोचून, लेणी आधी पाहून, उन्हं चढण्यापूर्वी सावलीत उतरावे हा क्रम बरा. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा उपरणे, पायांत बंद बूट आणि अंगावर मातकट रंगाचे कपडे एवढी तयारी पुरते. सोमवारी उद्यान बंद असते. शिलोंढ्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये, कारण हे बिबट्याचे घर आहे. निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी केली तर त्या आठवड्यातली फेरी कोणत्या वाटेने आहे ते कळते. वेळा आणि दर बदलतात, निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. उन्हाळा हा जनावरांच्या ताणाचा काळ. पाणी कमी, चारा कमी, त्यात वणव्याची भीती. अशा वेळी माणसांनी रानात गर्दी करावी हे सुचवणेच मुळात योग्य आहे का? विदर्भाचा अनुभव इथे कामी येतो. १९५५ साली घोषित झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तिथे उन्हाळा हाच पाहुण्यांचा मुख्य हंगाम आहे, कारण पाणवठे आटत गेले की वाघ उरलेल्या पाण्यापाशी हमखास दिसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची प्रथाही याच कारणाने पडली. आता मोजणीचे शास्त्रीय काम स्वयंचलित कॅमेरे करतात, पण चांदण्यात रात्रभर गप्प बसून राहण्याचे शिक्षण मचाणच देते. म्हणजे उन्हाळ्यात माणूस जंगलात गेला की बिघडलेच असे नाही. तो कुठे थांबतो आणि कसा वागतो यावर सगळे अवलंबून आहे. मचाणावरचा माणूस जागचा हलत नाही. पाण्याच्या काठावर डबा उघडून बसलेले कुटुंब मात्र तास-दोन तास एका कळपाला तहानलेले ठेवते. म्हणून माझे म्हणणे एवढेच की वसंतातल्या भेटीचा भर झाडांवर, पक्ष्यांवर आणि लेण्यांवर असावा, पाणवठ्यांवर नसावा, आणि तो माघ ते चैत्रात जास्त, वैशाखात कमी असावा.

वणव्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडच्या पानझडी रानात उन्हाळ्यात लागणारी आग जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागते : विझवायचे राहिलेले थोटूक, चुलीतला निखारा, कुठे झाडाखालचा पाचोळा साफ करण्यासाठी लावलेली काडी. आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वनविभाग जाळरेषा काढतो, पाचोळा बाजूला सारून आगीची वाट तोडतो, आणि ते काम अंगमेहनतीचे आहे. पाचोळा म्हणजे कचरा असे शहरातल्या माणसाला वाटते. रस्त्यावरचा पाचोळा झाडण्याची त्याला सवय असते, त्यामुळे जळणारा पाचोळा पाहून त्याचा जीव तुटत नाही. पण त्या थरात झाडांची पुढच्या वर्षाची खतावण असते, कीटकांची अंडी असतात, नुकतेच पडलेले बी असते. वसंतात रानात येणाऱ्या माणसाला एकच सूचना द्यायची असेल तर मी तीच देईन : काडीपेटी आणि लायटर दरवाजाबाहेर. आणि त्या सूचनेखाली पाचोळ्यात काय काय असते ते दोन ओळींत लिहीन. कारण न सांगता केलेली मनाई लोक विसरतात.

चौथा आक्षेप उलट बाजूने येतो. लोकांना सांगितले की गर्दी होते, मग सांगायचेच कशाला? याला आधार आहे. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत इतकी झुंबड उडू लागली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात. ते पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांचाच अंधार हिरावला जातो. बोरिवलीतही कारवी आठ वर्षांनी फुलते, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली, आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी वाटांवर रीघ लागते. पण या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : एकच नवल, एकच जागा आणि मोजके दिवस. वसंताचे तसे नाही. सावर आणि पांगारा जानेवारीअखेर सुरू होतात, पळस, शिवण आणि वारस फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोशिंबाची पालवी मार्चमध्ये, मोह, कुंभा आणि करंज त्यामागून, अंजनीचे निळेजांभळे झुबके उन्हाळ्यात, बहावा एप्रिल-मेमध्ये. हा बहर तीन-चार महिन्यांवर आणि सगळ्या डोंगरावर विखुरलेला आहे. येऊरच्या बाजूने, नागल्याच्या बाजूने, पनवेलजवळच्या कर्नाळ्यात किंवा मुरूडजवळच्या फणसाडमध्येही तो तितकाच दिसतो. जी माहिती एका जागेचे नाव घेते ती गर्दी गोळा करते. झाडाचे आणि महिन्याचे नाव घेणारी माहिती गर्दी पांगवते. एक पथ्य मात्र कडक पाळावे लागेल : घरटे, ढोली, बिबट्याची पिल्ले दिसलेली जागा कधीही जाहीर करायची नाही.

हे सांगायचे कसे, तर त्याला मोठा खर्च लागत नाही. दरवाजापाशी एक काळा फळा आणि खडू पुरे. दर पंधरवड्याला तो पुसून नवा लिहावा : या पक्षात काय फुलले आहे, कोणत्या झाडाला पालवी आली, कोणता पक्षी बोलू लागला, कोणता निघून गेला, आणि कोणत्या वाटेला सध्या जाऊ नये. कायमस्वरूपी रंगवलेला लोखंडी फलक बारा महिने तेच बोलतो, म्हणून दुसऱ्या भेटीत कोणी तो वाचत नाही. मराठीत ही दृष्टी नवी नाही. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ १९५६ साली चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याने लिहिले; मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या रानातले पक्षी, झाडे आणि त्यांची लोकांच्या तोंडची नावे आयुष्यभर टिपली. दरवाजावरचा फळा ही त्याच परंपरेची रोजच्या वापरातली आवृत्ती ठरेल. शिवाय फळा पुसण्यापूर्वी त्याची नोंद वहीत उतरवली तर दहा-वीस वर्षांनी ती वही मोलाची होते. जपानमधल्या क्योतोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा तो बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा आहे हे सांगता आले, कारण कोणीतरी लिहून ठेवले होते. आपल्याकडे बहावा आता लवकर फुलतो असे पुष्कळ लोक म्हणतात. ते खरे की खोटे हे ठरवायला बोरिवलीची तशी वही हवी. सीझनवॉचसारख्या उपक्रमातून देशभरातले विद्यार्थी आणि हौशी लोक झाडांच्या अशा नोंदी करू लागले आहेत. उद्यानाचा फळा त्याला सहज जोडता येईल.

शेवटचा आक्षेप असा की, सामान्य माणूस उद्यानात यायचा तो नौकाविहार, वनराणी ही छोटी आगगाडी आणि डबापार्टी यांच्यासाठी. त्याला शिवण आणि वारस यांच्यात रस नसतो. मला हे पटत नाही. ज्या माणसाला आंब्याचा मोहोर कधी जळतो आणि कैरी कधी उतरवायची ते कळते, जो पावशाच्या आवाजात ‘पेरते व्हा’ ऐकत मोठा झाला किंवा निदान ज्याची आजी ऐकत असे, त्याला ऋतूची भाषा परकी नाही. शहरात ती वापरायची संधी मिळत नाही, एवढेच. रस नाही म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा तरी कोशिंबाच्या लाल पालवीखाली उभे करून ‘हे फूल नाही, पान आहे’ असे सांगून पाहावे. आणि हे सांगायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. उद्यानाच्या आत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे पिढ्यान् पिढ्या आहेत. कोणती करवंदे कधी पिकतात, मोह कोणत्या आठवड्यात गळतो हे तिथे घराघरांत ठाऊक असते. तिथल्या तरुणांना वाटाड्याच्या कामाचे पैसे मिळावेत आणि फळ्यावरचा खडू त्यांच्या हाती असावा. झाडाची जी नावे ते वापरतात ती पुस्तकी नावाच्या शेजारी लिहिली जावीत. ही नावे आज लिहिली नाहीत तर त्यांच्या नातवंडांनाही पुस्तकी नावेच माहीत असतील.

वैशाखात फळ्यावरच्या ओळी बदलत जातील. बहाव्याचे पिवळे झुंबर उतरू लागेल, करवंदे काळी होतील, पांढरा कुडा फुलेल, पावशा दिवसाच काय रात्रीही ओरडू लागेल. मे महिन्याच्या अखेरीस, वाऱ्याची दिशा पालटून ढग जमू लागले की दक्षिणेकडून नवरंग येतो. हिरवा, निळा, पोटाशी लाल असा हा पक्षी इतका रंगीत की एकदा पाहणारा विसरत नाही, पण तो झाडावर फार काळ दिसत नाही. तो जमिनीवर उतरतो आणि फेब्रुवारीपासून साचलेल्या, वणव्यातून वाचलेल्या त्या पाचोळ्याची पाने एकेक करून उलटत त्याखालचे किडे वेचू लागतो.